निवृत्तिवेतनाने रस्ते खाल्ले नाहीत

शहरातल्या रस्त्यांवर खड्डे का पडतात, या जुन्या प्रश्नाचे एक नवे उत्तर अलीकडे सुशिक्षितांच्या बैठकींत मोठ्या आत्मविश्वासाने दिले जाते. महापालिकेचा सगळा पैसा पगार आणि पेन्शन यांतच संपतो, मग रस्त्यांना उरणार काय? हे ऐकले की भोवतालची मंडळी माना डोलावतात, आणि कालपर्यंत ज्याला आपण आगीतून माणसे बाहेर काढणारा म्हणून गौरवत होतो, तो अग्निशमन दलातला निवृत्त कर्मचारी एकाएकी आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभा राहतो. वृत्तपत्रांच्या संपादकीय पानांवर हेच जरा जड भाषेत येते. 'बांधील खर्च' वाढला म्हणून 'विकासखर्च' आटला, असे तेथले सूत्र असते.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे, आणि केंद्र सरकारच्या सेवेत माझी बरीच वर्षे आकड्यांच्या सहवासात गेली आहेत. तरीही, किंवा म्हणूनच, हा युक्तिवाद मला मान्य नाही. तो चुकीचा आहे एवढेच नव्हे, तो सोयीचा आहे. कोणाच्या सोयीचा, ते पुढे येईलच. वाचकांच्या माहितीसाठी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो: मी १ जानेवारी २००४ पूर्वी सेवेत आलो, त्यामुळे मला जुन्या नियमांप्रमाणे निवृत्तिवेतन मिळणार आहे. माझे म्हणणे वाचकांनी हे ध्यानात ठेवून पारखून घ्यावे.

प्रथम विषयाची मर्यादा. अमेरिकेत 'शहराचे सुरक्षा कर्मचारी' म्हटले की पोलीस आणि अग्निशामक असे दोघेही येतात, कारण तेथे दोघांचाही पगार बहुधा शहरच देते. आपल्याकडे पोलीस हा राज्यांचा विषय आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जे बारावे परिशिष्ट जोडले, त्यातल्या अठरा विषयांत चौथा विषय रस्ते व पूल आणि सातवा अग्निशमन सेवा असा आहे. म्हणजे संविधानाने हे दोन विषय एकाच यादीत, तीन ओळींच्या अंतरावर ठेवले. प्रत्यक्षात मात्र अग्निशमन कोणाकडे असावे, हे प्रत्येक राज्याने आपापल्या मर्जीने ठरवले. महाराष्ट्र आणि गुजरात येथे शहरांतली अग्निशमन दले महापालिकांची आहेत. तमिळनाडू, कर्नाटक, केरळ, पश्चिम बंगाल येथे ती राज्य शासनाची खाती आहेत. दिल्लीत हे दल १९९४ मध्ये महापालिकेकडून काढून दिल्ली सरकारकडे देण्यात आले.

या विविधतेमुळे आपल्या हाती एक आयतीच कसोटी येते. अग्निशामकाचे निवृत्तिवेतन रस्ते खात असेल, तर ज्या महापालिकांवर हा भार नाही तेथले रस्ते आरशासारखे असले पाहिजेत. बंगळूरला राहणाऱ्या माझ्या मराठी वाचकांना मी एवढेच विचारतो, तसे आहे का? तेथल्या महापालिकेने अग्निशामकांच्या निवृत्तिवेतनापोटी कधी एक पैसा भरलेला नाही. तो भार राज्याचा. तरी २०२५ च्या सप्टेंबरमध्ये जुनी महापालिका मोडून पाच नव्या महापालिका करण्याची वेळ आली तेव्हा नागरिकांच्या तक्रारींत खड्ड्यांचे स्थान पहिल्या रांगेतच होते. दिल्लीच्या महापालिकेवर अग्निशमनाचा भार नाही, आणि २०१२ पासून साठ फुटांहून रुंद रस्त्यांचाही भार नाही. तिच्या वस्त्यांमधल्या गल्ल्यांची अवस्था तेथे राहणाऱ्यांना ठाऊक आहे.

आता उलट बाजू पाहू. मुंबई महापालिका आपले अग्निशमन दल स्वतः पोसते. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला, तेव्हा ६६ अग्निशामक प्राणास मुकले. त्यांच्या स्मरणार्थ आजही देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. या महापालिकेच्या मुदतठेवी २०२२ मध्ये नव्वद हजार कोटी रुपयांच्या वर गेल्या होत्या. त्या ठेवींतला एक मोठा हिस्सा कर्मचाऱ्यांचा भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन आणि ठेकेदारांच्या अनामत रकमा यांचा असतो. म्हणजे ज्या महापालिकेने निवृत्तिवेतनाचा पैसा त्यातल्या त्यात बाजूला काढून ठेवला, तीच देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका. तिच्यापाशी रस्त्यांसाठी पैसा नव्हता असे कोणी म्हणू शकत नाही. २०२३ च्या जानेवारीत सुमारे ४०० किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाची ६,०८० कोटींची कामे तिने एका फटक्यात दिली. तरी मुंबईचा पावसाळा आणि मुंबईचे खड्डे यांचे नाते तुटलेले नाही. खड्ड्यांची कारणे दुसरीकडे शोधावी लागतात: पाण्याचा निचरा न होणे, एकाच रस्त्यावर तारा, नळ आणि वायुवाहिन्या यांसाठी वर्षातून तीन वेळा चर खणणे, ते चर मुरूम टाकून कसेबसे बुजवणे, आणि ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी कागदावर चालू असताना त्याला कोणी जाब न विचारणे.

येथे कोणी म्हणेल, मुंबई श्रीमंत आहे, तिचे उदाहरण इतर दोनशे शहरांना लागू नाही. ते खरे आहे. इतर शहरांत पैसा खरोखरच नाही. पण तो का नाही, हे समजण्यासाठी रस्ता आणि निवृत्तिवेतन यांचे वैर नव्हे, तर त्यांचे सख्ख्या भावंडांचे नाते ओळखावे लागते. माझ्या मते सगळ्या वादाची गुरुकिल्ली येथेच आहे.

रस्ता बांधला जातो त्या दिवशी नारळ फुटतो, फलक लागतो, छायाचित्र निघते. पण त्याच दिवसापासून तो रस्ता झिजू लागतो. पहिल्या पावसात डांबराला बारीक भेग पडते. ती वेळीच बुजवली नाही तर पाणी खाली खडीच्या थरात उतरते, आणि मग वरचा थर नुसता पसरून भागत नाही, रस्ता मुळापासून उकरावा लागतो. म्हणजे प्रत्येक वर्षी रस्त्याचा एक हिस्सा 'खर्च' होत असतो. त्याचे देयक मात्र सात-आठ वर्षांनी येते. अग्निशामकाचेही तसेच आहे. तो वयाच्या पंचविसाव्या वर्षी कामावर रुजू होतो आणि पहिल्याच महिन्यात, पगाराखेरीज, आपल्या म्हातारपणाच्या भाकरीचा एक तुकडा कमावतो. तो तुकडा त्याच महिन्याचा खर्च आहे. देयक येते पस्तीस वर्षांनी. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकारा खटल्यात, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठापुढे, निवृत्तिवेतन ही मेहेरबानी नव्हे असे स्पष्ट केले, त्यामागचे अर्थशास्त्र हेच आहे. ते आजच्या श्रमाचे लांबणीवर टाकलेले मोल आहे.

रोकड पद्धतीने हिशेब ठेवणाऱ्या संस्थेच्या वहीत हे दोन्ही खर्च दिसत नाहीत. तिजोरीतून पैसा बाहेर जाईल तेव्हाच नोंद होणार. झिजणारा रस्ता फुकट, कमावले जाणारे निवृत्तिवेतनही फुकट. अशा वहीकडे पाहून महापौर, आयुक्त आणि मंत्री यांना वाटते की हाती पैसा आहे, आणि ते नवा उड्डाणपूल जाहीर करतात. पुढे पंधरा-वीस वर्षांनी दोन्ही देयके एकदम दारात येतात. तेव्हा खुर्चीवर भलतीच माणसे असतात. ती म्हणतात, एवढा पैसा कोठून आणू, रस्ता करू की पेन्शन देऊ? आणि आपण सुशिक्षित माणसे हा प्रश्न जसाच्या तसा उचलतो. दोघेही धनको आहेत. धनकोंनी एकमेकांच्या उरावर बसायचे आणि ऋणको मात्र बाजूला उभा राहून गंमत पाहणार.

काही वर्षांपूर्वी एका राज्यात अनुदानाच्या आढावा बैठकीत मी एका महापालिकेच्या लेखाधिकाऱ्यांना विचारले, निवृत्तिवेतनाची एकूण देणी किती? त्यांनी तत्परतेने चालू महिन्याची पेन्शनरांची यादी पुढे केली. मी म्हटले, ही या महिन्याची रक्कम झाली. जे आज कामावर आहेत त्यांचे आजवर साठलेले देणे किती? ते गृहस्थ प्रामाणिक होते. म्हणाले, "साहेब, तशी वहीच नाही." मग मी रस्त्यांची किंमत आणि घसारा विचारला. त्याचीही वही नव्हती. शहराचे नाव सांगण्यात अर्थ नाही. त्या दिवशी बैठकीत दुसरे कोणतेही शहर असते तरी बहुधा हेच उत्तर आले असते. वास्तविक केंद्र सरकारने २००४ मध्येच राष्ट्रीय नगरपालिका लेखा नियमपुस्तिका काढून उपार्जित पद्धतीचा, म्हणजे देणे ज्या वर्षी निर्माण होते त्याच वर्षी ते नोंदवण्याचा मार्ग घालून दिला होता. वीस वर्षांत अनेक शहरांनी संगणकावर दुहेरी नोंदी सुरू केल्या हे खरे. पण नोंद करणे वेगळे आणि त्या नोंदीपोटी पैसा बाजूला काढणे वेगळे.

निवृत्तिवेतनविरोधी मंडळी हमखास अमेरिकेचा दाखला देतात, म्हणून तेथे जरा थांबू. सॅन फ्रान्सिस्कोजवळ व्हॅलेहो नावाचे सव्वा लाखाच्या आसपास वस्तीचे शहर आहे. २००८ च्या मे महिन्यात त्याने दिवाळे काढले. त्याच्या सर्वसाधारण अंदाजपत्रकाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पोलीस आणि अग्निशामक यांच्या वेतन-भत्त्यांत आणि निवृत्तिवेतनात जात होता. अग्निशमन केंद्रे बंद पडली, पोलीस कमी झाले, रस्त्यांची डागडुजी थांबली. २०११ मध्ये शहर दिवाळखोरीतून बाहेर आले आणि त्याच वर्षी नागरिकांनी मतदान करून स्वतःवर विक्रीकराचा जादा भार घेतला. पहा, सुरक्षा कर्मचाऱ्यांच्या पेन्शनने शहर बुडाले, असे आमचे मित्र म्हणतात.

पण ही गोष्ट १९९९ पासून वाचली पाहिजे. त्या वर्षी शेअर बाजार तेजीत होता आणि कॅलिफोर्नियाच्या सरकारी निवृत्तिवेतन निधीत गरजेपेक्षा जास्त पैसा दिसत होता. विधिमंडळाने कायदा करून महामार्ग पोलिसांना असे सूत्र दिले की वयाच्या पन्नासाव्या वर्षापासून, सेवेच्या प्रत्येक वर्षाला अंतिम वेतनाच्या तीन टक्के निवृत्तिवेतन; तीस वर्षे झाली की नव्वद टक्के. शहरांनाही ते देण्याची मुभा मिळाली आणि शहरे एकमेकांच्या चढाओढीने ते देत सुटली. हे लाभ मागील सेवेलाही लागू झाले. यासाठी वेगळा पैसा लागणार नाही, बाजारच तो मिळवून देईल, असे निधीच्या चालकांनीच सांगितले होते. पुढे २००१ आणि २००८ मध्ये बाजार कोसळला तेव्हा वचन उरले आणि पैसा उडाला. दोष निवृत्तिवेतनाचा की वचन देताना गाठीला काही न बांधण्याचा? अलाबामा राज्यातल्या प्रिचर्ड या लहान गावाला तर २००४ पासून बजावण्यात येत होते की तुमचा निवृत्तिवेतन निधी २००९ मध्ये संपेल. तो बरोबर २००९ मध्ये संपला आणि त्या सप्टेंबरपासून सुमारे दीडशे निवृत्तांचे धनादेश थांबले. त्यांत निवृत्त पोलीस आणि अग्निशामकही होते. त्यांची पेन्शन काही अवाढव्य नव्हती. इशारा मिळूनही पाच वर्षे कोणी काही केले नाही, एवढीच त्या गावाची कथा.

अमेरिकेकडून शिकायचेच असेल तर हे शिकावे. तेथल्या सरकारी लेखामानक मंडळाने १९९९ मध्ये ३४ क्रमांकाचे मानक काढले. त्यानुसार शहराने आपले रस्ते-पूल मालमत्ता म्हणून दाखवायचे आणि दरवर्षी त्यांचा घसारा तरी लावायचा, नाही तर त्यांची प्रत्यक्ष अवस्था आणि देखभालीवरचा खर्च जाहीर करायचा. २०१२ मध्ये ६८ क्रमांकाचे मानक आले. त्याने निधीत कमी पडणारी निवृत्तिवेतनाची रक्कम थेट ताळेबंदात देणे म्हणून दाखवणे भाग पाडले. रस्ता आणि पेन्शन या दोन्ही लपलेल्या देण्यांना एकाच मंडळाने उजेडात आणले. त्यामुळे तेथली सगळी शहरे सुधारली असे नाही. पण आज तेथला नागरिक आपल्या शहराच्या ताळेबंदात दोन्ही आकडे पाहू शकतो. आपल्याकडे तो वाद घालतो, पण आकडा त्याच्यापाशी नसतो.

आता 'सोयीचा कोणाच्या' या प्रश्नाकडे येतो. महापालिकेने किती वेतन द्यायचे, हे वस्तुतः महापालिका ठरवत नाही. केंद्राचा वेतन आयोग येतो, राज्ये तो थोड्याफार फरकाने स्वीकारतात, आणि मग राज्यांच्या आदेशाने किंवा कर्मचाऱ्यांच्या दबावाने महापालिकांना तो लागू होतो. वेतन वाढले की त्याच्या निम्म्याशी बांधलेले जुने निवृत्तिवेतनही वाढते. दुसरीकडे, उत्पन्न कशातून मिळवायचे हेही महापालिकेच्या हाती राहिलेले नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांची जकात स्थानिक संस्था करासाठी काढली, २०१५ मध्ये तो करही बव्हंशी काढला, आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर मुंबईची जकातही गेली. बदल्यात नुकसानभरपाई मिळते. तिची वार्षिक वाढ कायद्याने आठ टक्के ठरलेली आहे. मालमत्ता कर तेवढा उरला, तर त्यातही मुंबईतल्या पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून संपूर्ण माफी देण्यात आली. माफी कोणी जाहीर केली? राज्याने. खड्डा कोणाचा? महापालिकेचा. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२२ च्या अहवालात नोंदवले आहे की भारतातल्या नगरपालिकांचे उत्पन्न दशकाहून अधिक काळ राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या आसपास रेंगाळले आहे. ब्राझीलमध्ये ते ७.४ टक्के आणि दक्षिण आफ्रिकेत ६ टक्के आहे. एका टक्क्यात रस्ता, पाणी, कचरा, आग विझवणे आणि निवृत्तांची पोटे एवढे सगळे बसवायचे आणि बसले नाही की निवृत्ताकडे बोट दाखवायचे! वचन देणारा एक, पैसा काढून घेणारा तोच, आणि शिव्या खाणारा तिसराच, अशी ही व्यवस्था आहे. माझ्याच सेवाबंधूंनी ती उभी केली आणि माझेच सेवाबंधू 'बांधील खर्चा'वर लेख लिहितात.

दिल्लीने याचा शेवट काय होतो ते पाहिले आहे. २०१२ मध्ये तेथल्या महापालिकेचे तीन तुकडे झाले. दक्षिणेकडे मोठ्या बाजारपेठा आणि श्रीमंत वसाहती गेल्या, पूर्वेकडे दाट वस्ती आणि तुटपुंजा कर. पण कर्मचारी आणि निवृत्त सगळीकडे होते. पगार थकू लागले, पेन्शन थकू लागली. जून २०१५ मध्ये पूर्व दिल्लीच्या सफाई कामगारांनी कचरा रस्त्यांवर आणून टाकला. पुढे २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ठणकावले की वेतन आणि निवृत्तिवेतन हा हक्क आहे, पैसा नसल्याची सबब चालणार नाही. २०२२ मध्ये तिन्ही तुकडे पुन्हा जोडण्यात आले. आणि रस्त्यांबद्दल? मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्येच सांगितले की सुस्थितीतला रस्ता हा संविधानाच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास सहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत देशात खड्ड्यांमुळे १४,९२६ माणसे मेली, हा आकडा सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. तेव्हा न्यायालयांच्या लेखी निवृत्ताची भाकर आणि पादचाऱ्याचा जीव ही दोन्ही एकाच तोलाची देणी आहेत. त्यांच्यात निवड करण्याची मुभा महापालिकेला नाही.

निवृत्तिवेतनाचा भार कमी करण्याची एक युक्ति सध्या सर्वत्र चालू आहे, तीबद्दल न बोलणे अप्रामाणिकपणा ठरेल. रिकाम्या जागा भरायच्या नाहीत, आणि गरज पडली की कंत्राटी अग्निशामक घ्यायचे. कंत्राटी माणसाला निवृत्तिवेतन नाही. हिशेबाची वही आनंदित. पण आग विझवणे हे रोजंदारीवर शिकण्याचे काम नव्हे. इमारतीतला धूर कोणत्या रंगाचा झाला की मागे फिरायचे, हे ज्याला दहा वर्षांत कळते त्याला तुम्ही अकराव्या महिन्यात सेवाखंड देऊन घरी पाठवता. मे २०१५ मध्ये मुंबईत काळबादेवीच्या आगीत चार अधिकारी दगावले, त्यांत दलाचे प्रमुखही होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाचा व्यवसायच कर्करोगकारक म्हणून पहिल्या वर्गात घातला. धुराचे हे देयकही निवृत्तीनंतर येते. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून केंद्राने २०२३ मध्ये अग्निशमन दलांच्या आधुनिकीकरणासाठी पाच हजार कोटींची योजना काढली, ती स्वागतार्ह आहे. परंतु शिडी आणि बंब विकत घेता येतात. त्या शिडीवर चढणारा अनुभवी माणूस टिकवायचा तर त्याला म्हातारपणाची शाश्वती द्यावी लागते.

मग जुनी पेन्शन परत आणावी का? राजस्थान, छत्तीसगड, पंजाब यांनी २०२२ मध्ये आणि हिमाचल प्रदेशाने २०२३ मध्ये तसे ठरवले. माझे मत स्पष्ट आहे. निश्चित निवृत्तिवेतनाची मागणी न्याय्य आहे, विशेषतः अंगमेहनतीच्या आणि जोखमीच्या सेवांसाठी. पण पैसा बाजूला न काढता दिलेले आश्वासन हे निवृत्तिवेतन नव्हे, ती पुढच्या पिढीच्या नावाने लिहिलेली हुंडी आहे. केंद्र सरकार बिनतारणाचे वचन देऊ शकते, कारण त्याच्यापाशी कर बसवण्याची आणि कर्ज काढण्याची सार्वभौम शक्ती आहे. ज्या महापालिकेची जकात एका रात्रीत जाऊ शकते तिने असे वचन देणे म्हणजे कर्मचाऱ्याची फसवणूक आहे. केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून जी एकीकृत योजना आणली तीत निम्म्या वेतनाची हमी आहे आणि त्यासाठी दरमहा सरकारने १८.५ टक्के भरायचे आहेत. त्या योजनेच्या तपशिलाबद्दल माझे मतभेद आहेत, पण वचन आणि भरणा एका वाक्यात आले, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

महापालिकांसाठी वेगळे काही शोधून काढायची गरज नाही. सरकारी बँकांच्या कर्मचाऱ्यांना १९९५ च्या नियमांनी निवृत्तिवेतन मिळाले, ते बँकेच्या गल्ल्यातून नव्हे, तर स्वतंत्र विश्वस्त निधीतून मिळते. विमागणिती दरवर्षी त्या निधीचा हिशेब करून किती भर घालायची ते सांगतो. महापालिकेच्या अग्निशामकांसाठी तसाच विश्वस्त निधी हवा, आणि त्याला आयुक्ताने किंवा स्थायी समितीने हात लावता कामा नये. रस्त्यांसाठीचा धडा तर आपल्या खेड्यांनी घालून दिला आहे. २००० साली सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेत रस्ता बांधण्याच्या ठेक्यातच पुढच्या पाच वर्षांची देखभाल धरलेली असते. खेड्यातल्या रस्त्याला जे पंचवीस वर्षांपूर्वी मिळाले ते शहरातल्या रस्त्याला अजून नियम म्हणून मिळत नाही, याला काय म्हणावे!

अडचण आहे ती मागल्या देण्यांची. आजच्या निवृत्तांना पेन्शन द्यायची आणि त्याच वेळी आजच्या कर्मचाऱ्यांसाठी निधीत भरणा करायचा, म्हणजे एक-दीड पिढी दुहेरी भार. तो टाळता येणार नाही. पण महापालिकांना अधूनमधून एकरकमी पैसा मिळत असतो: भूखंडांचे भाडेपट्टे, वाढीव चटईक्षेत्राचे अधिमूल्य, विकासशुल्क. आज हा पैसा नव्या प्रकल्पांत जातो. तो प्रथम जुन्या देण्यांत गेला पाहिजे. ज्या महापालिकेने मागील वर्षी रस्त्यांच्या घसाऱ्याइतका आणि विमागणितीने सांगितलेल्या निवृत्तिवेतन-भरण्याइतका पैसा बाजूला काढला नसेल, तिला नव्या उड्डाणपुलाची मंजुरी मिळता कामा नये. पंधराव्या वित्त आयोगाने अनुदानासाठी लेखे प्रसिद्ध करण्याची आणि मालमत्ता कराचा किमान दर जाहीर करण्याची अट घातली होती. अटी घालता येतात, हे त्यातून सिद्ध झाले. सोळाव्या वित्त आयोगाचा कालावधी २०२६ ते २०३१ असा आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आठवा वेतन आयोगही स्थापन झाला आहे. त्याच्या शिफारशी एक दिवस महापालिकांच्या दारात पोचणारच. ही दोन देणी मोजायची असतील तर त्यापूर्वीच मोजली पाहिजेत.

महाराष्ट्राबाहेर राहणारे आपण लोक आपल्या गावच्या राजकारणावर तासन्‌तास बोलतो आणि ज्या शहराला कर भरतो त्याचे अंदाजपत्रक कधी उघडून पाहत नाही. बडोदे, इंदूर, हैदराबाद, दिल्ली, कोठेही असा. बहुतेक महापालिकांची अंदाजपत्रके आता संकेतस्थळावर असतात. त्यात नव्या कामांची पाने सोडून द्यावी. रस्त्यांच्या देखभाल-दुरुस्तीची मागील वर्षाची तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी-शेजारी मांडावा. मग निवृत्तिवेतन निधी हे शीर्ष आहे का, आणि असल्यास त्यात वर्षभरात किती भरले, ते पाहावे. सापडले नाही तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा: शेवटचे विमागणिती मूल्यांकन कोणत्या तारखेचे, आणि अग्निशमन दलात मंजूर पदे किती व भरलेली किती. शहराचे अग्निशमन दल राज्याचे असेल तर पदांचा प्रश्न राज्याच्या खात्याकडे पाठवावा. उत्तर तीस दिवसांत यायला हवे. न आल्यास पुढच्या तीस दिवसांत प्रथम अपील करता येते.